धातू कापण्याआधीचा विचार

करंजाडे वसाहतीच्या परिसरात नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला आहे. तेथून उडणाऱ्या विमानांचे भाग घडवणाऱ्या संगणक-नियंत्रित, म्हणजे सीएनसी, यंत्रांना हालचालींच्या आज्ञा क्रमवार लिहून देणारा तंत्रज्ञ, म्हणजे प्रोग्रॅमर, मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असतो. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९५२ मध्ये आकड्यांवर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले, आणि आज अशाच यंत्रांच्या मदतीने मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांसाठी ‘विकास’ इंजिने तयार होतात.

‘जी०१ एक्स५० एफ२००’ ही आज्ञा हत्याराला एक्स अक्षावरील ५० मिलिमीटरच्या बिंदूपर्यंत, मिनिटाला २०० मिलिमीटर गतीने, सरळ रेषेत नेते. अशा हजारो ओळी सॉफ्टवेअर लिहून देते. परंतु कोणता थर आधी कापायचा, हे ज्येष्ठ प्रोग्रॅमरच ठरवतो. टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नसल्याने ती हत्याराच्या धारेवरच साचते, म्हणून कापण्याचा वेग कमी ठेवून शीतक द्रवाचा जोरदार मारा करावा लागतो. पातळ भिंत एकाच बाजूने पूर्ण खोल कापल्यास ती हत्याराच्या दाबाने वाकते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थराथराने धातू काढला जातो. ठोकळ्यात दडलेला अंतर्गत ताण मोकळा व्हावा, यासाठी कच्च्या कापणीनंतर पकड सैल करून भाग पुन्हा बांधतात आणि मगच अंतिम कापणी करतात.

पहिल्या नगाचे प्रत्येक माप तपासून मंजूर झालेल्या प्रोग्राममध्ये पुढे परवानगीविना बदल करता येत नाही, कारण या शिस्तीवरच उड्डाणाची सुरक्षितता अवलंबून असते.