क्लाउड कॉम्प्युटिंग : यंत्र भाड्याचे, जबाबदारी आपली

व्यापाऱ्याची रोजकीर्द आणि खतावणी पूर्वी पेढीच्या कपाटात असे. पुढे ती संगणकात गेली. पण तो संगणकही पेढीतच, मालकाच्या नजरेसमोर राहिला. या व्यवस्थेत एक धोका दडलेला असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबईत तळमजल्यावरील असंख्य दुकाने व कार्यालये पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी सारा हिशेब एकाच संगणकात असेल, तर मालाबरोबर येणे-देणेही बुडते. माहिती स्वतःच्या जागेबाहेर, सुरक्षित ठिकाणी ठेवण्याची गरज येथूनच सुरू होते.

क्लाउड म्हणजे ढग. संगणक अभियंते आराखड्यात दूरचे जाळे दाखविण्यासाठी ढगाचे चित्र काढीत. त्यावरून हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात माहिती ढगात नसते. ती मोठ्या माहितीकेंद्रांतील यंत्रांवर असते आणि ग्राहक ती यंत्रे इंटरनेटद्वारे वापरतो. वीजजोडणी घेणारा जसे स्वतःचे वीजकेंद्र उभारीत नाही, तर वापराइतके बिल भरतो, तसाच हा व्यवहार आहे. अ‍ॅमेझॉन कंपनीने २००६ मध्ये तासाला दहा सेंट दराने संगणकशक्ती भाड्याने देण्यास प्रारंभ केला आणि ही कल्पना छोट्या उद्योजकाच्याही आवाक्यात आली.

ही सेवा तीन स्तरांवर मिळते. केवळ यंत्रशक्ती व साठवणीची जागा घेता येते. स्वतःचे सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी सुसज्ज व्यासपीठ घेता येते. अथवा ई-मेल, हिशेब किंवा वेतनपत्रकाचे तयार सॉफ्टवेअरच वर्गणी भरून वापरता येते. बहुतेक लहान व्यवसायांना तिसरा स्तर पुरेसा ठरतो.

चार पर्याय

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडच्या उभारणीचे चार प्रकार निश्चित केले.

सार्वजनिक क्लाउड कोणालाही भाड्याने मिळतो. यंत्रे सामाईक असली, तरी प्रत्येकाची माहिती स्वतंत्र राखली जाते. ज्यांचे काम हंगामी असते, त्यांना तो विशेष सोयीचा. द्राक्षांच्या हंगामात नाशिकच्या निर्यातदाराचे काम वाढते आणि नंतर ओसरते. वर्षभरासाठी मोठी यंत्रे विकत घेण्यापेक्षा त्याने हंगामापुरती क्षमता वाढविणे किफायतशीर ठरते.

खासगी क्लाउड एकाच संस्थेसाठी राखीव असतो. नियंत्रण अधिक, पण खर्चही अधिक. तो चालविण्यास तज्ज्ञ मनुष्यबळ लागते.

सामूहिक क्लाउड समान गरजा व समान नियम असलेल्या संस्थांचा असतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय क्षेत्रासाठी अशी सुविधा उभारण्याची घोषणा केली, ती याच विचाराने. एकट्याने मोठा खर्च करू न शकणाऱ्या लहान सहकारी बँकांना हे तत्त्व सहज पटावे.

संमिश्र क्लाउडमध्ये दोन किंवा अधिक प्रकार जोडलेले असतात. उदाहरणार्थ, ग्राहकांची गोपनीय माहिती खासगी क्लाउडवर आणि संकेतस्थळ सार्वजनिक क्लाउडवर.

जबाबदारी कोणाची ?

जागा बदलली म्हणजे जोखीम संपली, असे नव्हे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे पाच मजली माहितीकेंद्र आगीत भस्मसात झाले. ज्यांच्या माहितीची प्रत अन्यत्र होती, ते सावरले. ज्यांनी दुसरी प्रत ठेवली नव्हती, किंवा ज्यांची प्रतही त्याच आवारात होती, त्यांची माहिती कायमची गेली.

इमारत, वीज व यंत्रे सांभाळणे हे पुरवठादाराचे काम. पासवर्ड जपणे, कोणास काय पाहता येईल हे ठरविणे आणि प्रती योग्य जागी आहेत याची खात्री करणे हे ग्राहकाचे. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हीच भूमिका घेतली. देशातील पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश तिने एप्रिल २०१८ मध्ये दिला. तर काम बाहेरच्या संस्थेकडे सोपविले तरी अंतिम जबाबदारी बँकेचीच राहते, हे एप्रिल २०२३ च्या निर्देशांत स्पष्ट केले.

करारापूर्वी

म्हणून करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे हिताचे. माहिती कोणत्या देशात राहील ? दुसरी प्रत किती दूर असेल, आणि तीवरून काम पूर्ववत सुरू होते का, याची चाचणी कधी होईल ? सेवा बंद पडल्यास भरपाई काय ? पुरवठादार बदलायचा झाल्यास माहिती कोणत्या स्वरूपात व किती शुल्क देऊन परत मिळेल ? शिवाय वापर नसताना चालू राहिलेल्या यंत्राचेही बिल येते; तेव्हा मासिक आकारणीवर लक्ष हवेच.

ठेव ठेवताना व्याजदराइतकीच ती परत मिळण्याची खात्री सुज्ञ ठेवीदार पाहतो. माहिती हीदेखील व्यवसायाची ठेवच आहे. ती कोणत्याही क्लाउडवर असो, तिच्याविषयीची दक्षता मालकानेच बाळगावयाची असते.