मासे खराब झाले की पाकिटाचा रंग बदलणार! काय आहे हे 'स्मार्ट पॅकेजिंग'?

जेवताना शर्टावर वरणाचा पिवळा डाग पडतो. साबण लावला की तो एकदम लाल होतो. हळदीत चुना मिसळला की ती कुंकवासारखी लाल होते, त्याचंही कारण हेच. साबण आणि चुना दोन्ही अल्कधर्मी असतात आणि अल्कधर्मी पदार्थ लागला की हळदीतलं कर्क्युमिन रंग बदलतं.

हीच साधी गोष्ट वापरून शास्त्रज्ञ अन्न खराब झाल्याचं सांगणारं पाकीट बनवत आहेत.

याची गरज काय?

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं जवळपास 60 टक्के घराघरांतलं होतं. पाकिटावरची तारीख माल योग्य तापमानात राहील असं धरून छापलेली असते. वाटेत बर्फ वितळला किंवा दुकानातली लाइट गेली, तर ते तारखेवरून कळत नाही. उलट, तारीख उलटली म्हणून चांगलं अन्नही फेकलं जातं.

हे काम कसं करतं?

मासे किंवा कोळंबी खराब होताना जिवाणूंमुळे अमोनिया आणि ट्रायमिथाइलअमाइनसारखे वायू तयार होतात. सडक्या माशाचा वास तो हाच. हे वायू अल्कधर्मी असतात. पाकिटाच्या आतल्या पट्टीत हळद असेल तर ती पिवळ्याची लालसर होते. जांभळ्या कोबीचा रंग असेल तर तो निळा-हिरवा होतो. पाकीट न उघडताच अंदाज येतो.

प्लास्टिकऐवजी काय?

पट्टीसाठी स्टार्च किंवा कायटोसॅन वापरतात. कायटोसॅन कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून मिळतं, म्हणजे एरवी कचऱ्यात जाणाऱ्या मालापासून. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे ते जिवाणूंची वाढ रोखतं. त्यामुळे पाकीट नुसतं इशारा देत नाही, तर अन्न थोडं जास्त टिकवतंही.

मग अडचण कुठे आहे?

स्टार्च ओलावा शोषतं आणि मऊ पडतं. नैसर्गिक रंग उजेडात फिके होतात. दूध नासताना आंबट होतं, त्यामुळे तिथे आम्लाला प्रतिसाद देणारा वेगळा रंग लागतो. शिवाय रंग बदलला नाही म्हणजे अन्न शंभर टक्के सुरक्षित, असंही नाही. काही घातक जिवाणू असे वायू न सोडताही वाढतात.

'बायोडिग्रेडेबल' शब्दाचाही गैरसमज होतो. मक्यापासून बनणारं पीएलए प्लास्टिक नीट कुजायला साधारण 58 अंश तापमानाचा कंपोस्ट प्रकल्प लागतो. गटारात किंवा समुद्रात टाकलं तर ते वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. त्यामुळे पाकीट कितीही स्मार्ट झालं, तरी ओला-सुका कचरा वेगळा करणं आणि कंपोस्टची सोय असणं लागणारच.