दुकानाच्या मापाचे सॉफ्टवेअर

आमगाव-सालेकशाकडचे एखादे किराणा दुकान डोळ्यांपुढे आणा. सकाळी तांदळाचे पोते फोडले; दिवसभर कुणी दोन किलो नेले, कुणी पावशेर. गिऱ्हाईक म्हणते, "धान निघालं की देतो, मांडून ठेवा." अशी उधारी महिन्याच्या हिशोबात कशी बसायची?

मग आपल्या दुकानापुरते सॉफ्टवेअर करून घ्यावे का? अगदी लहान दुकानाला वहीच पुरते. व्याप वाढला असेल तर जरूर घ्या. पण ते लिहिणाऱ्याला आधी चार दिवस गल्ल्याजवळ बसवा. पोते फुटले की साठ्यातले एक पोते कमी होऊन तेवढे किलो सुट्या मालात चढले पाहिजेत. सांडलवंड आणि उंदरांची घट वेगळी. करही पाहा: १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या बंद पिशवीवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या तांदळावर नाही. तांदूळ तोच, खाती दोन!

प्रोग्रामचा मूळ मजकूर अन् नोंदींची प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवा. लिहिणारा पोरगा उद्या पुण्याला गेला तर दुकान अडता कामा नये. आरंभ उधारीपासून करा, आणि धान विकले जाईपर्यंत जुनी वहीही चालू ठेवा. गिऱ्हाईक पैसे घेऊन येईल तेव्हा दोन्हींतला आकडा त्याच्यासमोरच ताडून पाहा.