सफकमधल्या गावाची ग्रामसभा

सकाळी साडेसहाला मी पिशवीत चार वस्तू टाकून बाहेर पडते: सूचना फलकाची किल्ली, टाचण्यांची डबी, कोरडं फडकं आणि येत्या मंगळवारच्या सभेची विषयपत्रिका. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफक परगण्यातलं हे गाव. चहूकडे बार्लीची शेतं, मतदार चारशेच्या आसपास. मी इथल्या पॅरिश कौन्सिलची क्लार्क. आपल्याकडच्या भाषेत ग्रामसेविका म्हणा. फरक एवढाच की मला सरकारने नाही, गावाच्या कौन्सिलने नेमलं आहे, आठवड्याच्या आठ तासांच्या पगारावर. सदस्यांच्या सात जागा आहेत आणि त्यांना कुणालाच मानधन नाही.

आज गुरुवार आहे आणि नोटीस आजच लागायला हवी. कायदा सभेआधी तीन पूर्ण दिवस मागतो. नोटीस लावल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचा धरायचा नाही, रविवार आणि बँक हॉलिडे तर नाहीच. शुक्रवार, शनिवार, सोमवार असे तीन भरतात. मी उद्यावर ढकललं असतं तर मंगळवारची सभाच बेकायदा ठरली असती. फलकाच्या काचेला आतून ओल धरते, म्हणून आधी ती पुसून घ्यायची, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, मग कागद लावायचा. कुत्रं फिरवायला निघालेले एक आजोबा थांबून पहिला विषय मोठ्याने वाचतात: अध्यक्षांची निवड. मे महिन्यातल्या वार्षिक सभेत पहिलं काम तेच. ‘पुन्हा तोच उभा राहतोय का?’ ते विचारतात. मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं.

साडेसातला चौकातल्या लाल टेलिफोन बूथपाशी. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी 1935 साली, पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आखलेल्या नमुन्याचा हा बूथ. 2008 पासून टेलिफोन कंपनी असे वापरात नसलेले बूथ एक पौंडाला गावांना दत्तक देऊ लागली, तेव्हा आमच्या कौन्सिलनेही हा घेतला. आत आता फोन नाही, भिंतीवर डिफिब्रिलेटर आहे. हृदयाची लय जीवघेणी बिघडली तर विजेचा झटका देऊन ती ताळ्यावर आणण्याचं यंत्र. 999 ला फोन केला की तिथला माणूस पेटीचा आकडा सांगतो. दर आठवड्याला मी ते तपासते. दार इतकं जड आहे की खांदा लावावा लागतो. हिरवा दिवा लुकलुकतोय ना, छातीवर चिकटवायच्या पट्ट्यांची मुदत कधी संपते, सोबतच्या पिशवीत कात्री, वस्तरा आणि हातमोजे आहेत ना, हे बघायचं. वस्तरा कशाला, असं सुरुवातीला मला वाटायचं. छातीवर दाट केस असले तर पट्टी चिकटत नाही, आणि तेवढ्यात वेळ जातो. तारीख आणि सही वहीत टाकते. माझ्या सगळ्या कामातली ही सही मला सर्वांत मोलाची वाटते.

नऊ ते बारा टेबलाशी. बहुतेक पत्रं नेहमीचीच: भरून वाहणारी कुत्र्यांच्या घाणीची पेटी, फूटपाथवर आलेलं कुंपण. कुंपण आज छाटता येणार नाही, कारण पक्ष्यांची घरटी आहेत आणि वापरातलं घरटं मोडणं 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे. तसं उत्तर लिहिते. रस्त्यावरच्या खड्ड्याचं पत्र काउंटी कौन्सिलकडे पाठवते, घरबांधणीचं डिस्ट्रिक्टकडे. इथेही तीन पायऱ्या आहेत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद माहीत असणाऱ्याला हे चटकन कळतं. आमचा वाटा घरपट्टीत मिसळून डिस्ट्रिक्ट गोळा करते आणि आमच्याकडे देते.

मग जत्रेचे कागद. इथे तिला ‘फेट’ म्हणतात, आणि ती मेच्या शेवटच्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी. केकचे स्टॉल, टोम्बोला, रस्सीखेच, लाकडी चेंडू मारून नारळ पाडण्याचा खेळ. बिअरच्या तंबूसाठी तात्पुरत्या परवान्याची नोटीस दहा पूर्ण कामाचे दिवस आधी द्यावी लागते, फी 21 पौंड, आणि एका वेळी 499 पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. मिरवणुकीसाठी रस्ता बंद करायची परवानगी ज्या कायद्याखाली मागितली तो 1847 चा आहे, म्हणजे आपल्या सत्तावन्नच्या उठावाच्याही दहा वर्षं आधीचा. बँडला बिदागी द्यायची तर कोणत्या अधिकारात, तेही लिहावं लागतं: 1972 च्या कायद्याचं कलम 145, गावाची करमणूक. कायद्याचा आधार दाखवल्याशिवाय कौन्सिलला एक पेनीही खर्च करता येत नाही. लोकांना पताका दिसतात. पताकांच्या आधीचे हे तीन महिने कुणाला दिसत नाहीत. पण हे कागद नसले तर पताकाही लागत नाहीत, म्हणून मला ते कंटाळवाणे वाटत नाहीत.

बाराला आईचा फोन. तिच्याकडे साडेचार, चहाची वेळ. वाई तालुक्यातल्या आमच्या गावाला माझे आजोबा सरपंच होते, त्यामुळे आईला माझ्या कामातलं सगळं कळतं.

‘अगं, एक मेची ग्रामसभा तहकूब झाली,’ ती म्हणते. ‘माणसंच जमली नाहीत.’

‘पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल ते. शंभर माणसं जमली नाहीत आपल्या गावात?’

‘लग्नाला गेली होती सगळी. तुझी आज आहे ना? तुझ्याकडे किती येतात?’

‘गेल्या वर्षी तेवीस.’

‘मग मला काय विचारतेस?’ आई म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं.

तीन वाजता शाळेच्या मैदानावर. फेटच्या दिवशी मुलं मेपोलचा नाच करतात, त्याची तालीम. मधोमध उंच खांब, त्याच्या टोकाला रंगीत फिती, प्रत्येक मुलाच्या हातात एक. निम्मी मुलं उजवीकडून निघतात, निम्मी डावीकडून. समोरून येणाऱ्याच्या फितीवरून एकदा, पुढच्याच्या खालून एकदा, असं करत खांबावर वरून खाली वीण उतरत येते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी जागीच थबकले, कारण हा तर आपला गोफ! शाळेच्या गॅदरिंगला आम्ही गोफ विणला होता. छताला टांगलेल्या दोऱ्या, तीच आतबाहेर चाल, आणि मग उलट्या पावलांनी तो गोफ सोडवणं. इथेही तसंच सोडवतात. आज एक लहानगी दोनदा वरूनच गेली आणि पिवळी फीत हिरव्यात अडकली. बाई रागावल्या नाहीत. सगळ्यांना थांबवून म्हणाल्या, ‘कुणी ओढू नका.’ मग एक एक पाऊल मागे घेत चूक सापडेपर्यंत गेले. सात-आठ मिनिटं लागली. मी तोवर तिथेच उभी होते, तंबूची जागा मोजायची विसरून.

साडेपाचला व्हिलेज हॉल उघडते. खुर्च्या चाळीस मांडते, चहाचं पाणी तापायला ठेवते. आजची सभा कौन्सिलची नाही, गावाची आहे. 1 मार्च ते 1 जून या काळात वर्षातून एकदा ती घ्यावीच लागते, संध्याकाळी सहाच्या आधी सुरू करता येत नाही, आणि गावातला कुणीही मतदार येऊन बोलू शकतो. हे आलं 1894 च्या कायद्याने, ग्लॅडस्टन यांच्या शेवटच्या मंत्रिमंडळाच्या काळात. त्याआधी गावचा कारभार चर्चच्या बैठकीत चाले, आणि तिथे पाद्री आणि जमीनदारांचा शब्द मोठा असे. नव्या कौन्सिलवर स्त्रियांनाही निवडून येता येऊ लागलं. शाळेत आपण लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव पाठ करतो, तो 1882 चा. म्हणजे हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्याचा तो ठराव झाला, तेव्हा इथल्या खेड्याला स्वतःची निवडलेली कौन्सिल मिळायला बारा वर्षं बाकी होती.

सात वाजता अध्यक्षांनी सभा सुरू केली. एकतीस माणसं आली होती. वेगाने जाणाऱ्या गाड्यांवर वीस मिनिटं गेली, दरवर्षी जातात. खरा विषय गावाच्या टोकाला होऊ घातलेल्या बारा घरांचा. मंजुरी डिस्ट्रिक्टच्या हातात. आम्हाला फक्त मत कळवायचं आहे. एकाने सांगितलं की त्याच्या स्वयंपाकघरातून दिसणारं शेत जाईल. दुसऱ्याला गटाराची काळजी होती. मग मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या, ऐंशीच्या पुढच्या, जन्म याच गावातला. त्या म्हणाल्या, ‘माझ्या दोन्ही नातवंडांना इथे घर परवडलं नाही. शाळेत आता किती मुलं आहेत ते मोजा. मग शेताचं बोला.’ त्या बसल्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

ठराव आला: घरांना पाठिंबा द्यावा, मात्र शाळेपर्यंत पायवाट बांधण्याची अट घालावी. असा ठराव कौन्सिलवर बंधनकारक नसतो, पण मंगळवारी सदस्यांना तो डावलणं सोपं जाणार नाही. कौन्सिलच्या सभेत क्लार्कला मत नसतं; मी फक्त लिहून घेते. आज मात्र मीही गावची मतदार होते. पेन खाली ठेवून हात वर केला. बाजूने एकोणीस, विरोधात नऊ, तीन तटस्थ. मग पेन उचलून आकडे इतिवृत्तात लिहिले.

सव्वानऊला सभा संपली. बाहेर अजून उजेड रेंगाळत होता. शेत जाईल म्हणणारा गृहस्थ आणि त्या आजीबाई खुर्च्या एकावर एक रचत होते, त्याने जड ओझं घेतलं, त्यांनी कप विसळले. फेटला नारळांचा स्टॉल यंदा दोघांनी मिळून लावायचाय, हे मला तेव्हा कळलं.

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी माणसांना एक विनंती आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर, वैध व्हिसा असताना, इथल्या स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. नाव मतदार यादीत तेवढं घालून घ्या. कायम वास्तव्याची परवानगी मिळाली असेल तर उभंही राहता येतं. वय 18 पूर्ण हवं. गावच्या मतदार यादीत नाव, किंवा गावात अथवा तीन मैलांच्या आत वर्षभराचं वास्तव्य, यांतलं एक पुरे. खेड्यांतून उमेदवार कमी मिळतात, आणि जागा रिकामी राहिली की कौन्सिल अर्ज करणाऱ्यांतून सदस्य घेते. जवळच्या सूचना फलकापाशी थांबून वाचा. आमच्या सात जागांपैकी एक सप्टेंबरपासून रिकामी आहे.