गाठी मोजणारा कागद

तालीम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल माती येते, शड्डू ठोकणारे पैलवान येतात. बंगळूरूच्या कमर्शियल स्ट्रीटजवळ एका काश्मिरी दुकानाचे मालक मात्र ‘थांबा, तालीम दाखवतो’ म्हणाले आणि त्यांनी कपाटातून पिवळट कागदाची एक लांब पट्टी काढली. मला पाठवलं होतं ते दुसऱ्याच कामाला. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तानच्या चार दिवसांच्या लढाईनंतर काश्मीर खोऱ्यातल्या कारागिरांचा माल परदेशी गिऱ्हाइकापर्यंत कसा पोचतो, ते पाहून या, असं संपादकांचं सांगणं होतं. पण त्या पट्टीपाशी माझी दुपार गेली.

पट्टीवर ओळींमागून ओळी, बारीक बारीक खुणा. नक्काश गालिच्याचं चित्र काढतो. तालीमगुरू त्या चित्रातली एकेक गाठ मोजतो आणि कोणत्या रंगाच्या किती गाठी, हे या खुणांमध्ये उतरवतो. पट्टी मागावर टांगायची. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ओ देत गाठ मारायची. विणणाऱ्यापुढे चित्र नसतंच, नुसते रंग आणि आकडे. मालकांनी एक ओळ म्हणून दाखवली. बोलता बोलता त्यांचा आवाज पालटला, लहानपणी पाठ केलेले पाढे म्हणावेत तसा एका लयीत आला. मग माझ्यासाठी त्यांनी हिंदीत अर्थ लावला : दोन लाल, एक बदामी, तीन निळे.

मी वहीत हिशेब मांडला. सहा फूट बाय चार फुटांचा गालिचा, चौरस इंचाला ३२४ गाठी. म्हणजे सव्वाअकरा लाखांच्या आसपास. एका विणकरानं दिवसाला सहा हजार मारल्या तरी सहा महिने जातात. इतकं सगळं एका कागदात मावतं, याचं मला अजून नवल वाटतं.

ही तालीम मुळात शालींची. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक फ्रान्स होतं. १८७०-७१ मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध झालं, तिकडची मागणी आटली आणि श्रीनगरचे माग थांबले. त्या युद्धातली एकही गोळी काश्मिरात झाडली गेली नव्हती. पाठोपाठ १८७७ ते ७९ चा दुष्काळ आला, त्यात कितीतरी विणकर गेले. मग युरोपीय व्यापाऱ्यांनी श्रीनगरात गालिच्यांचे कारखाने काढले, तेव्हा उरलेल्या शालकऱ्यांच्या हातातली ही विद्या तिकडे कामी आली. गिऱ्हाईक बदललं, वस्तू बदलली, कागद तोच राहिला.

१९८९ नंतर खोऱ्यात दहशतवाद पेटला आणि पुन्हा तीच गत झाली. जुलै १९९५ मध्ये पहलगामच्या बाजूला परदेशी पर्यटकांचं अपहरण झालं, आणि हाउसबोटीत उतरून शाल-गालिचा घेणारा प्रवासी येईनासा झाला. गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकानं गिऱ्हाइकाकडे निघाली : दिल्ली, गोवा, कोची, बंगळूरू. परदेशी माणूस जिथे निर्धास्त फिरतो, तिथे गल्ला मांडायचा आणि माग खोऱ्यात ठेवायचा. ‘दस्तकार’ संस्थेचे बाजार बंगळूरूतही भरतात. ‘कमिटमेंट टू काश्मीर’ हा न्यास तरुण कारागिरांना पैसा आणि मार्गदर्शन देतो. ही मदत मला मोलाची वाटते, कारण तिच्या मागे दयेची खरेदी नाही. दयेची खरेदी एकदाच होते. माग चालायला पुढच्या वर्षीही मागणी लागते.

पण एवढ्यानं निभत नाही. ५ ऑगस्ट २०१९ ला खोऱ्यातले फोन आणि इंटरनेट बंद झाले. जानेवारी २०२० मध्ये टूजी आलं. फोरजीला फेब्रुवारी २०२१ उजाडला. तालमीला नेटवर्क लागत नाही, गिऱ्हाइकाला लागतं. रंगाचा नमुना पाठवता आला नाही, निरोपाला उत्तर गेलं नाही, की तिकडचा माणूस दुसरीकडे वळतो. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा ‘एट्सी’ या ऑनलाइन बाजारानं तिथल्या विक्रेत्यांकडची सुमारे ४० लाख डॉलरची थकबाकी सोडून दिली, आणि जगभरच्या लोकांनी टपालाची वाट पाहावी लागू नये म्हणून त्यांच्याकडून विणकामाचे नमुने आणि चित्रं डाउनलोड करून विकत घेतली. गालिचा असा उतरवून घेता येत नाही. तो बोगद्यातून, ट्रकमधून, विमानातूनच जायला हवा.

यंत्राचा माल ‘काश्मिरी’ म्हणून खपतो. त्यावर उपाय म्हणून २०२२ पासून भौगोलिक मानांकनाच्या गालिच्यांना क्यूआर कोड लावायला सुरुवात झाली. खरा माल ओळखता येईल, पण खऱ्याला खरी किंमत देणारा हवा ना. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा सगळ्यात आधी हात आखडला तो अशाच चैनीच्या वस्तूंवरून. आणि त्याची झळ उतरत उतरत शेवटी पोचते मागावर. नक्काशाचे पैसे होतात, सुताचे होतात, धुलाईचे होतात. विणकर मात्र उचलीवर बसलेला असतो, आणि शेवटचा हप्ता विक्रीनंतर. त्याचा मुलगा गाडी चालवायला जातो, त्याला मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू?

‘मॅडम, कागद आता संगणकावरही निघतो,’ मालक म्हणाले. ‘वाचणारा काढता येत नाही.’ त्यांनी पट्टी अलगद गुंडाळली.

मी निघताना त्यांना श्रीनगरचा फोन लागला. पलीकडे विणकर होता. आधी तब्येत विचारली, मग गाठी कुठवर आल्या ते. मग पैसे पाठवल्याचं सांगितलं : अर्धे. उरलेले गिऱ्हाइकाकडून यायचे आहेत.