गोष्टींत न दिसणारे वडील

लहान मुलांची जिज्ञासा मोठी विलक्षण असते. सांगणारा जें सांगतो तें तीं ऐकतातच. परंतु जें त्यानें सांगितलें नाहीं, त्याकडे त्यांचें लक्ष अगोदर जातें. गोष्टींत आई आहे, भावंडें आहेत, घर आहे आणि वडिलांचें नांव मात्र कोठेंच नाहीं, असें झालें कीं मूल हटकून विचारतें, "याचे बाबा कोठें गेले?" या प्रश्नास उत्तर कसें द्यावें, याविषयीं आम्ही आज थोडा विचार करणार आहों.

'टॉय स्टोरी' नांवाची चित्रपटांची मालिका आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिली असेल. संगणकावर तयार केलेल्या चित्रांना चालतें-बोलतें करून ती बनविलेली आहे. तिचा पहिला भाग 1995 सालीं निघाला आणि पुढील तीन भाग 1999, 2010 व 2019 या सालीं आले. अँडी नांवाचा मुलगा व त्याचीं खेळणीं यांची ही कथा. अँडीची आई दिसते, धाकटी बहीण मॉली दिसते, वाढदिवस होतो, घर बदलण्याची धांदल उडते, शेवटीं तो मुलगा मोठा होऊन महाविद्यालयांत जावयास निघतो. परंतु त्याचे वडील एकदांही पडद्यावर येत नाहींत आणि ते कोठें आहेत हेंही कोणी सांगत नाहीं.

रिकामी जागा दिसली कीं ती भरून काढण्याचा मनुष्याच्या मनाचा स्वभावच आहे. कोणी म्हणाले, आईवडील विभक्त झाले असतील. कोणी म्हणाले, वडील वारले असतील. 2017 सालीं तर एक सविस्तर हकीकतच जगभर पसरली. अँडीच्या वडिलांस लहानपणीं पोलिओचा विकार झाला होता, हीं खेळणीं मूळचीं त्यांचींच, आणि पुढें त्याच विकारानें ते गेले, असा तिचा मथितार्थ होता. ती वाचून पुष्कळांचे डोळे पाणावले. परंतु पहिल्या भागाच्या लेखकांपैकीं एक, अँड्र्यू स्टँटन, यांनीं ती हकीकत साफ खोटी असल्याचें लगेच जाहीर केलें. मग खरें कारण काय? चित्रपट बनविणाऱ्या मंडळींपैकीं एकानें तें सांगितलें आहे, आणि तें अगदीं साधें आहे. त्या काळीं संगणकावर माणसाची आकृति घडविणें फार कठीण व खर्चाचें काम होतें. कथेला वडिलांवांचून अडत नव्हतें. म्हणून त्यांना घडविलेंच नाहीं.

ही कल्पित गोष्ट झाली. तेथें वडील नाहींत, कारण कथाकारानें ते निर्माणच केले नाहींत. परंतु खऱ्या इतिहासांतही असे न दिसणारे वडील असतात. ते असतात, झगडत असतात. फक्त गोष्ट सांगणाऱ्याची नजर दुसरीकडे असते. याचें ठळक उदाहरण आपल्या वऱ्हाडाच्या नात्यांतलेंच आहे.

बुलढाणें जिल्ह्यांतील सिंदखेड राजा हें जिजाबाईंचें माहेर. शिवाजीमहाराजांच्या बाळपणाच्या गोष्टी आपण ऐकतों त्यांत माता जिजाबाई आहेत, दादोजी कोंडदेव आहेत, मावळे सोबती आहेत. वडील शहाजीराजे मात्र बहुधा पडद्याआड. त्यामुळें पुष्कळ मुलांच्या मनांत अशी समजूत राहते कीं, त्यांनीं पत्नीला व मुलाला पुण्यास ठेविलें आणि आपण दूर कर्नाटकांत सुखानें राहिले. हा समज कितपत खरा, हें सालांच्या आधारें पाहूं.

1629 सालीं दौलताबादेस निजामशाहाच्या दरबारांत जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव व त्यांचे पुत्र यांची हत्या झाली. 1630 च्या फेब्रुवारींत शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें शहाजीराजांच्या जहागिरीचें पुणें उद्ध्वस्त केलें, आणि दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला. उत्तरेकडून शहाजहानच्या फौजा निजामशाही गिळावयास आल्या होत्या. अशा वेळीं शहाजीराजांनीं कांहीं काळ मोंगलांची चाकरी पत्करली, मग ती सोडली, आणि निजामशाही घराण्यांतील एका अल्पवयी मुलाला गादीवर बसवून त्याच्या नांवानें तीन वर्षें राज्य राखण्याची झुंज दिली. शेवटीं 1636 सालीं मोंगल व आदिलशाहा एक झाले. माहुलीच्या किल्ल्यावर राजांना शरण यावें लागलें, आणि ती निजामशाही संपली.

येथेंच त्या दूर जाण्याचें मूळ आहे. पुण्याची जहागीर राजांकडे राहिली. परंतु त्यांनीं स्वतः आदिलशाहाच्या चाकरींत दक्षिणेकडे जावें असें ठरलें. असा पराक्रमी सरदार मोंगलांच्या सरहद्दीजवळ राहूं नये, हा त्यांतील हेतु होता असें इतिहासकार मानतात. 1638 च्या सुमारास बंगळूर जिंकलें गेलें आणि तें राजांचें ठाणें झालें. बंगळूर ते पुणें हें अंतर आजच्या सडकेनेंही 800 किलोमीटरांहून अधिक आहे. तेव्हां घोड्याखेरीज वाहन नव्हतें आणि जासुदाखेरीज टपाल नव्हतें!

मग वडिलांनीं मुलाची चिंता केली नाहीं काय? पुराव्यावरून तसें दिसत नाहीं. जिजाबाई व बाळ शिवाजी यांना त्यांनीं कांहीं काळ बंगळुरास आपल्याजवळ ठेविलें. तेथून त्यांना पुण्यास धाडतांना कारभारासाठीं शामराज नीळकंठ, सोनोपंत डबीर यांसारखीं अनुभवी माणसें बरोबर दिलीं, असें बखरी सांगतात. स्वराज्याचा पहिला कारभार याच माणसांनीं उभा केला. बाप जवळ नव्हता. परंतु त्यानें निवडलेलीं माणसें जवळ होतीं.

मुलाच्या बाजूनें पाहिलें तर याहूनही सबळ पुरावा सांपडतो. 1648 सालीं जिंजीजवळ आदिलशाही सेनापति मुस्तफाखान यानें शहाजीराजांस कैद केलें. त्या वेळीं शिवाजीमहाराजांचें वय अवघें अठरा वर्षांचें. त्यांनीं शहाजहानचा पुत्र शहाजादा मुराद याच्याशीं पत्रव्यवहार करून विजापुरावर दाब आणला, आणि 1649 सालीं पिता सुटला. त्यापायीं नुकताच घेतलेला कोंढाणा किल्ला सोडून द्यावा लागला. एवढा मोलाचा किल्ला ज्याच्यासाठीं सोडिला, तो बाप मुलाच्या मनांतून दूर होता असें कोण म्हणेल? आणखी एक गोष्ट पाहा. महाराजांच्या संस्कृत राजमुद्रेंत त्यांनीं आपली ओळख 'शहाजीचा पुत्र' अशीच करून दिली आहे. जो बाप गोष्टींत दिसत नाहीं, तो मुलाच्या प्रत्येक शिक्क्याच्या कागदावर उमटलेला आहे!

1664 च्या जानेवारींत कर्नाटकांतील होदिगेरे येथें शिकारीच्या वेळीं घोड्यावरून पडून शहाजीराजे निवर्तले. त्यांची समाधि आजही तेथें आहे. पुत्राचा 1674 चा राज्याभिषेक त्यांना पाहावयास मिळाला नाहीं. तो सोहळा मातेनें पाहिला. म्हणूनही गोष्ट मातेची झाली, हें स्वाभाविकच आहे.

हें सारें लिहिण्याचें प्रयोजन एवढेंच कीं, आमच्या नांदगांव खंडेश्वराच्या आसपासही कित्येक घरीं वडील दिसत नाहींत. कोणी पुण्यास कारखान्यांत आहे, कोणी सरहद्दीवर पहाऱ्यास आहे, कोणी देवाघरीं गेला आहे. त्या घरांतील मूल एक दिवस विचारतेंच. मोठीं माणसें गप्प राहिलीं, तर मूल स्वतःच एखादी हकीकत रचतें, आणि ती बहुधा खऱ्याहून कडू असते. बाबांना आपण नकोसे झालों, असेंही त्याला वाटूं लागतें. पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलाच्या वयास झेपेल तेवढें, पण खरें सांगावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही एखाद्या सोबत्याच्या वडिलांविषयीं ऐकीव गोष्टीवर मत बनवूं नका. जो समोर नाहीं, त्याच्याविषयीं बोलण्यापूर्वीं विचारावें, शोधावें. आणि कांहींच कळलें नाहीं, तर मौन धरावें. पडद्यावर न दिसणारा मनुष्य कोठें तरी आपल्यासाठींच राबत असण्याचा संभव पुष्कळ असतो.