वेगळी पळी म्हणजे विटाळ नव्हे

1949 साली आरे दूध वसाहत उभी राहिली. आरेच्या दुधावर मुंबईच्या कित्येक पिढ्या वाढल्या. म्हणूनच इथल्या एखाद्या लेकराला दूध चालत नाही, हे लवकर कुणाला पटत नाही. वैशाख पौर्णिमेला सुजाताच्या खीरदानाची आठवण म्हणून आपण विहारात खीर वाटतो. तिथेही आग्रह होतो, "चमचाभराने काय होतंय?"

चमचाभरानेही होते. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, श्वास कोंडतो. दूध न पचल्याने पोट फुगणे वेगळे. ती दुधातल्या साखरेची अडचण. ॲलर्जी असताना दूध उकळून दिले, म्हशीचे किंवा शेळीचे दिले, तरी धोका टळत नाही.

अशा मुलासाठी वेगळे भांडे, वेगळी पळी लागते. पण 'वेगळे भांडे' म्हटले की आपल्या आयाबायांच्या काळजात कळ उठते, आणि ते साहजिक आहे. वरून ओतलेले पाणी आपल्या आज्या-पणज्या प्यायल्या. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते हाच भेद मोडायला. तो भेद माणसाला पंगतीतून उठवत होता. ही पळी लेकराला पंगतीत बसवते.

त्याहून सोपे म्हणजे सगळ्यांसाठी एकच बिनदुधाची खीर. तांदूळ पाण्यात मऊ शिजवा, गूळ विरघळवा, गॅस बंद करून नारळाचे दूध घाला. नंतर उकळू नका, फाटते. काजू-बदाम आणि तूप टाळा.

जयंतीचा केकही जमतो. बाजारातल्या 'एगलेस' केकमध्ये अंडे नसले तरी बहुधा दूध किंवा दही असते. घरी दीड वाटी मैदा, पाऊण वाटी साखर, एक लहान चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ चाळून घ्या. त्यात एक वाटी पाणी, पाव वाटी तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून लगेच ढवळा. कुकरच्या तळाशी मीठ पसरा, वर जाळी व तेल लावलेला डबा ठेवा. शिट्टी व रिंग काढून मंद आचेवर 40 मिनिटे भाजा. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांना मात्र हा केक देऊ नका.

पाकिटावरची ॲलर्जीची सूचना वाचा; ती छापणे कंपन्यांना बंधनकारक आहे. मुलाचे दूध मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. वाढण्यापूर्वी आईला विचारा. आणि श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता 108 ला फोन करा.